नोंदवहीतले आकडे

(बेसबॉल हा अमेरिकेतील लोकप्रिय खेळ आहे. या खेळातील काही विक्रम आणि आकड्यांच्या काही गमती या पाठात सांगितल्या आहेत. आकडा वहीत कसा येतो, कधी चुकतो आणि कधी वहीच्या बाहेरच कसा राहतो, ते वाचा.)

तुम्ही क्रिकेटचे सामने पाहता. कोणी किती शतके काढली, कोणी किती बळी घेतले, हे तुमच्यापैकी अनेकांना तोंडपाठ असते. अमेरिकेतील मुलांना असेच वेड बेसबॉलच्या आकड्यांचे आहे. ४०६, ७१४, ७५५ असे नुसते आकडे उच्चारले, तरी तेथील क्रीडाप्रेमी माणूस त्या खेळाडूचे नाव सांगतो.

हा खेळ कसा खेळतात, ते आधी थोडक्यात पाहू. मैदानात एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. त्यांना ‘बेस’ म्हणतात. एका बेसपासून दुसरा बेस ९० फूट दूर असतो. चेंडू फेकणाऱ्याला ‘पिचर’ म्हणतात. त्याचा चेंडू टप्पा न घेता थेट फलंदाजाकडे येतो. फलंदाजाच्या हातात गोल दांडक्यासारखी बॅट असते. चेंडू टोलवून तो धावतो आणि बाद न होता पहिल्या बेसवर पोहोचला, तर त्या फटक्याला ‘हिट’ म्हणतात. चारही बेस फिरून परत आला, की संघाची एक धाव होते. चेंडू समोरच्या कुंपणाबाहेर गेला, तर तो ‘होमरन’. मग फलंदाजाने सावकाश फेरी पूर्ण केली तरी चालते. आपल्या षटकारासारखेच हे. फक्त येथे धावा सहा मिळत नाहीत.

या खेळाचे आकडे लिहिण्याची पद्धत घालून देणारा माणूस मूळचा क्रिकेटचा बातमीदार होता, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. त्यांचे नाव हेन्री चॅडविक. त्यांचा जन्म १८२४ साली इंग्लंडमध्ये झाला. लहानपणीच ते आई-वडिलांबरोबर अमेरिकेत आले. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी ते क्रिकेटच्या बातम्या लिहीत. पुढे त्यांना बेसबॉलची गोडी लागली. क्रिकेटच्या धावफलकावरून त्यांनी बेसबॉलचा तक्ता तयार केला. कोण किती वेळा खेळला, कोणी किती हिट मारल्या, कोणाकडून चूक झाली, हे सारे एका लहानशा चौकटीत दिसू लागले. सामना न पाहिलेल्या माणसालाही दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तो सामना जणू वाचता येऊ लागला.

या तक्त्यांवरून फलंदाजाची सरासरी काढतात. एकूण हिटना फलंदाजीच्या पाळ्यांनी भागायचे. दहा पाळ्यांत तीन हिट मारल्या, तर सरासरी ०.३०० होते. म्हणजे दहापैकी सात वेळा फसणारा खेळाडूही येथे उत्तम मानला जातो! आणि पूर्ण हंगामात ज्याची सरासरी ०.४०० होते, त्याचे नाव लोक पिढ्यान्‌पिढ्या विसरत नाहीत.

१९४१ साली बोस्टन संघाचा टेड विल्यम्स या आकड्याजवळ आला. तो तेव्हा अवघा २३ वर्षांचा होता. हंगामाचा शेवटचा दिवस उजाडला, २८ सप्टेंबर. त्याच्या नावावर ४४८ पाळ्यांत १७९ हिट होत्या. भागाकार करून पाहा. उत्तर ०.३९९५ येते. तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत ते ०.४०० धरले जाणार होते. त्या दिवशी फिलाडेल्फियात दोन सामने होते. संघाच्या व्यवस्थापकाने त्याला सुचवले, की तू आज बाकावर बसलास तरी चालेल. न खेळता विक्रम पदरात पडत होता. विल्यम्सने ते ऐकले नाही. तो दोन्ही सामने खेळला. आठ पाळ्यांत त्याने सहा हिट मारल्या आणि सरासरी ०.४०६ वर नेली. डॉन ब्रॅडमनला शेवटच्या कसोटीत चार धावा मिळाल्या असत्या, तर त्याची सरासरी बरोबर १०० झाली असती. तो शून्यावर बाद झाला आणि ९९.९४ वर थांबला. विल्यम्सचेही तसे होऊ शकले असते. म्हणून तर त्याच्या त्या दुपारची आठवण लोक आजही काढतात.

त्यानंतर अनेक दशके अमेरिकेतील मुले एकच वाक्य पाठ करत आली : ‘०.४०० ची सरासरी गाठणारा टेड विल्यम्स हा शेवटचा खेळाडू.’ हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

आता काही गमती पाहू. साय यंग नावाच्या पिचरने १८९० ते १९११ या काळात ५११ सामने जिंकून दिले. हा विक्रम कोणी मोडेल असे आज कोणालाही वाटत नाही. पण सर्वांत जास्त सामने हरण्याचा विक्रमही त्याच्याच नावावर आहे! तो तीनशेहून अधिक सामने हरला. बावीस वर्षे जो चेंडू फेकत राहिला, त्याच्या वाट्याला दोन्ही आले. तरीही सर्वोत्तम पिचरला दरवर्षी जे पारितोषिक देतात, ते साय यंगच्याच नावाचे आहे.

सेंट लुईस संघाचा स्टॅन म्युझिअल याची गंमत तर गणिताच्या शिक्षकांना आवडेल. त्याने बावीस हंगामांत एकूण ३६३० हिट मारल्या. त्यांपैकी आपल्या गावच्या मैदानावर १८१५ आणि परगावी १८१५. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. एवढी बरोबर वाटणी कोणी ठरवूनही करू शकला नसता.

कधी कधी मात्र वहीच चुकते. टाय कॉब हा जुन्या काळातील थोर फलंदाज. त्याच्या नावावर ४१९१ हिट लिहिलेल्या होत्या. १९८५ साली सिनसिनाटीच्या पीट रोझने हा विक्रम मोडायचे ठरवले. ८ सप्टेंबरला शिकागो येथे दोन हिट मारून त्याने ४१९१ ही संख्या गाठली. ११ सप्टेंबरला स्वतःच्या गावी त्याने ४१९२ वी हिट मारली. आतषबाजी झाली. लोक कितीतरी वेळ उभे राहून टाळ्या वाजवत होते. पण जुने कागद तपासणाऱ्या अभ्यासकांना त्याच्या काही वर्षे आधीच एक चूक सापडली होती. १९१० सालच्या एका सामन्यातील कॉबच्या दोन हिट वहीत दोनदा लिहिल्या गेल्या होत्या! त्या वजा केल्या, तर कॉबच्या हिट ४१८९ होतात. म्हणजे रोझने विक्रम मोडला तो शिकागोत, तीन दिवस आधीच, आणि तेही परक्या मैदानावर. चूक कळूनही अधिकाऱ्यांनी तेव्हा वही बदलली नाही. (रोझ पुढे सट्ट्यापायी खेळातून बाहेर फेकला गेला, पण ती गोष्ट वेगळी आहे.)

कारकुनाच्या हातून झालेली ही चूक दोन हिटची होती. आता ज्या चुकीबद्दल सांगायचे आहे, ती कारकुनाची नव्हती.

बेब रूथ याने १९३५ पर्यंत ७१४ होमरन मारले होते. हा विक्रम जवळजवळ चाळीस वर्षे टिकला. १९७३ साली हँक आरोन हा कृष्णवर्णीय खेळाडू त्या आकड्याजवळ पोहोचला, तेव्हा त्याच्या घरी पत्रांचा पाऊस पडू लागला. पुष्कळ पत्रे कौतुकाची होती. पण ‘गोऱ्या माणसाचा विक्रम मोडलास तर जिवंत राहणार नाहीस’ अशा अर्थाची पत्रेही त्यांत होती. त्याला पोलीस संरक्षण घ्यावे लागले. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटा येथे आरोनने ७१५ वा होमरन मारला. निवृत्त होताना त्याचा आकडा ७५५ होता. एका हंगामात त्याने कधीही पन्नास होमरन मारले नाहीत. त्याचा सर्वांत मोठा हंगाम ४७ चा. थोडे थोडे करत त्याने हा डोंगर रचला. आणखी एक हिशेब करून पाहा. त्याच्या सगळ्या हिट ३७७१. त्यांतून ७५५ होमरन वजा करा. तरी ३०१६ हिट उरतात. तीन हजार हिट हा मोठ्या फलंदाजाचा मान समजला जातो. आरोनला तो मान होमरनशिवायही मिळाला असता!

आरोनला निदान मैदानाचे दार उघडे मिळाले. त्याच्या आधीच्या पिढीला ते बंद होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून मोठ्या संघांमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना घेत नसत. असा नियम कोठेही लिहिलेला नव्हता, पण पाळला मात्र कसोशीने जाई. तेव्हा १९२० साली कृष्णवर्णीयांनी स्वतःची लीग सुरू केली. पुढे अशा आणखी लीग निघाल्या. त्यांना ‘निग्रो लीग’ म्हणत. (माणसांसाठी हा शब्द आज वापरत नाहीत, पण त्या लीगचे नाव इतिहासात तसेच राहिले आहे.) हे खेळाडू बसमधून गावोगाव हिंडत. बऱ्याच ठिकाणी रंगामुळे त्यांना हॉटेलात खोली मिळत नसे, जेवायलाही मिळत नसे. मोठी वर्तमानपत्रे त्यांच्या सामन्यांकडे क्वचितच लक्ष देत. चॅडविक यांची ती चौकट त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. कृष्णवर्णीय समाजाच्या वर्तमानपत्रांनी मात्र जमेल तितके तक्ते छापले.

या लीगमधील सर्वांत जबरदस्त फलंदाज जोश गिब्सन. त्याचा जन्म १९११ सालचा. तो यष्टिरक्षकासारखा पिचरच्या समोर बसून चेंडू झेलत असे आणि बॅट हातात आली की चेंडू कुंपणापार धाडत असे. मोठ्या संघांतून त्याला बोलावणे आले नाही. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी तो मरण पावला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन संघाकडून मैदानात उतरला आणि रंगाची ती भिंत पडली. गिब्सनच्या कबरीवर बरीच वर्षे नावाचा दगडही नव्हता.

पण त्याचे तक्ते शिल्लक होते. काही अभ्यासकांनी जुन्या वर्तमानपत्रांची पाने चाळून एकेक सामना शोधला, एकेक हिट मोजली. हे काम अनेक वर्षे चालले. २०२० साली बेसबॉलच्या मुख्य संस्थेने या लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला. मे २०२४ मध्ये १९२० ते १९४८ या काळातील दोन हजारांहून अधिक खेळाडूंचे आकडे मुख्य वहीत उतरवले गेले. तेव्हा कारकिर्दीतील सरासरीच्या यादीत टाय कॉबचे ०.३६७ दुसऱ्या क्रमांकावर गेले. पहिल्या क्रमांकावर जोश गिब्सन आला, ०.३७२.

काहींना हे पटले नाही. ते म्हणाले, कॉबच्या पाळ्या अकरा हजारांवर, गिब्सनच्या त्याच्या जेमतेम एक पंचमांश. मग तुलना कशी करायची? हिशेब खरा आहे. पण गिब्सनच्या पाळ्या कमी का पडल्या, हेही विचारायला हवे. त्याच्या लीगचे हंगाम छोटे होते. पोटासाठी गावोगावी खेळलेले शेकडो सामने या मोजणीत धरलेले नाहीत. आणि काही तक्ते तर अजूनही सापडलेले नाहीत. त्याने सुमारे आठशे होमरन मारले असे लोक सांगत. वहीत मात्र दोनशेहून कमीच आले आहेत, कारण पुरावा तेवढ्यांचाच मिळाला.

आता ते पाठ केलेले वाक्य आठवा. विल्यम्सचे ०.४०६ आजही तितकेच मोलाचे आहेत. मात्र त्याच्या नावापुढचा ‘शेवटचा’ हा शब्द आता पुसावा लागतो. कारण त्याच वहीत, १९४१ नंतर दोनच वर्षांनी, १९४३ सालापुढे लिहिले आहे : जोश गिब्सन, ०.४६६. एका हंगामातील सरासरीचा सर्वांत मोठा आकडा आता तोच आहे.

शब्दार्थ

नवल – आश्चर्य
हंगाम – मोसम, सामन्यांचा ठरावीक काळ
पदरात पडणे – मिळणे
परगावी – दुसऱ्या गावी
आतषबाजी – शोभेच्या दारूकामाची रोषणाई
कसोशीने – अगदी काटेकोरपणे
दर्जा – प्रतिष्ठा, श्रेणी
एक पंचमांश – पाचवा हिस्सा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बेसबॉलचा तक्ता चॅडविक यांनी कशावरून तयार केला?
(आ) साय यंगच्या नावावर कोणते दोन विक्रम आहेत?
(इ) १९१० सालच्या नोंदीत कोणती चूक झाली होती?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शेवटच्या दिवशी खेळण्यात टेड विल्यम्सला कोणता धोका होता?
(आ) जोश गिब्सनचे आकडे इतकी वर्षे मुख्य वहीत का आले नाहीत?

३. ‘तोंडपाठ असणे’ आणि ‘बोलावणे येणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.

४. गणित करा : एका फलंदाजाने ४५६ पाळ्यांत १८५ हिट मारल्या. त्याची सरासरी तीन दशांश स्थळांपर्यंत काढा. हा फलंदाज कोण, ते पाठात शोधा.

५. तुमच्या शाळेच्या संघातील खेळाडूंच्या पाच सामन्यांतील धावा वहीत लिहा आणि प्रत्येकाची सरासरी काढून वर्गात वाचून दाखवा.