रसशोषक किडींची सोंड आणि ज्ञानेंद्रिये

अळीने पान खाल्ले की त्याला भोक पडते आणि ते बांधावरूनही दिसते. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण या किडींचे तसे नाही. पान जागेवरच असते. ते पिवळे पडू लागते, कडा मुरडतात, चिकटा चमकू लागतो आणि तोपर्यंत किडीची संख्या बरीच वाढलेली असते. अशा वेळी फवारणी करूनही उपयोग होत नाही, अशी तक्रार शेतकरी बंधू नेहमी करतात. काही वेळा औषध खरोखरच निकृष्ट असते. परंतु पुष्कळदा औषध किडीच्या तोंडापर्यंत पोहोचतच नाही, किंवा पोहोचते तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. याचे कारण समजण्यासाठी या किडींचे तोंड कसे आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

सोंडेची रचना

मावा उलटा करून दहापट भिंगातून पाहिल्यास डोक्याखालून निघून पायांच्या मधून मागे वळलेली एक नळी दिसते. ही नळी म्हणजे किडीचा खालचा ओठ. तिच्या वरच्या अंगाला खोबण असून त्या खोबणीत केसाहूनही कितीतरी बारीक अशा चार सुया एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. नाकतोड्याचे जबडे चावण्यासाठी असतात. तेच जबडे येथे ताणले जाऊन सुया झाले आहेत. बाहेरच्या दोन सुया टोकाशी दातेरी असून त्या वाट पाडतात. आतल्या दोन सुयांना समोरासमोर पन्हळी असतात. त्या जुळल्या की दोन नळ्या तयार होतात, एकीतून लाळ खाली उतरते आणि दुसरीतून रस वर येतो.

पानात शिरतात त्या फक्त सुया. ओठ बाहेरच राहतो व सुयांना आधार देतो. पिठ्या ढेकूण व खवले किडीच्या सुया तर इतक्या लांब असतात की वापरात नसताना त्या शरीरातील एका पिशवीत वेटोळे करून ठेवलेल्या असतात.

लाळ दोन प्रकारची असते. एक घट्ट होणारी. तिचे सुयांभोवती आवरण तयार होते. दुसरी पातळ, ती झाडाच्या पेशींमध्ये सोडली जाते. तुडतुड्यांनी ग्रासलेल्या कपाशीची पाने कडेने पिवळी, नंतर तांबडी होऊन खाली वळतात, त्यात रस कमी होण्यापेक्षा या लाळेचा आणि शिरांना झालेल्या इजेचा वाटा मोठा असतो. म्हणूनच तुडतुड्यांची आर्थिक नुकसानीची पातळी पानामागे अवघी २ ते ३ पिल्ले आहे, तर माव्याची १० आहे.

माव्याच्या सुया पेशींच्या मधून वाट काढीत अन्नवाहिनीपर्यंत जातात. तेथे साखरयुक्त रस मोटारीच्या चाकातील हवेपेक्षा कितीतरी जास्त दाबाखाली असतो, त्यामुळे तो आपोआप वर चढतो. १९५३ साली इंग्लंडमध्ये केनेडी व मिटलर या शास्त्रज्ञांनी रस पिणाऱ्या माव्याची सोंड कापून मावा बाजूला केला, तरी झाडात रुतलेल्या सुयांमधून रस पाझरतच राहिला. या रसात साखर भरपूर, पण नत्र थोडे. पुरेसे नत्र मिळावे म्हणून किडीला गरजेपेक्षा खूप जास्त रस घ्यावा लागतो व जादा साखर मागून बाहेर टाकावी लागते. तोच चिकटा. त्यावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्या येतात. युरियाच्या जादा मात्रेने पीक लुसलुशीत झाले की मावा का वाढतो, हेही यावरून ध्यानात येईल.

पानाच्या पृष्ठभागावर बसलेले पोटविष या किडींच्या पोटात जात नाही, कारण त्या पृष्ठभाग खातच नाहीत. बीटी कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. तिच्यातील प्रथिन बोंडअळ्यांसाठी आहे, रसशोषक किडींवर त्याचा परिणाम होत नाही. या किडींसाठी एक तर झाडाच्या रसात भिनणारे आंतरप्रवाही औषध हवे, नाही तर अंगावर पडणारे स्पर्शजन्य औषध हवे. स्पर्शजन्य औषध पानाच्या खालच्या बाजूस पोहोचलेच पाहिजे, कारण पांढऱ्या माशीची पिल्ले तेथे एकदा सोंड रोवून बसली की प्रौढ होईपर्यंत हलत नाहीत. जमिनीतून किंवा बीजप्रक्रियेतून दिलेले आंतरप्रवाही औषध पाण्याबरोबर वर चढते, म्हणून पीक पाण्याच्या ताणावर असताना त्याचा गुण कमी येतो.

फुलकिड्यांचे तोंड वेगळेच आहे. त्यांचा फक्त डावा जबडा वाढलेला असतो, उजवा खुरटलेला. डाव्या जबड्याने पेशी फोडून ते रस शोषतात. रिकाम्या पेशींत हवा भरते व कांद्याच्या पातीवर चंदेरी चट्टे दिसतात.

चव सोंडेच्या टोकावर नाही

सोंडेच्या टोकाशी बारीक केस असतात. त्यांना स्पर्श कळतो. पण रसाची चव घेणारी ज्ञानेंद्रिये डोक्याच्या आत, रस शोषणाऱ्या पंपाच्या अलीकडे असतात. त्यामुळे हे झाड आपले आहे की नाही, हे ठरविण्यासाठी माव्याला सुई टोचून थेंबभर रस वर ओढावाच लागतो. नको असलेल्या झाडावरही तो हेच करतो आणि मग उडून दुसऱ्या झाडावर बसतो.

खानदेशातील पपईच्या बागांना रिंगस्पॉट विषाणूचा त्रास होतो तो याच सवयीमुळे. मावा पपईवर वस्ती करीत नाही. बागेत शोधूनही तो सापडत नाही आणि तरीही रोग पसरतो. आसपासच्या पिकांवरून व तणांवरून उडालेला पंखांचा मावा रोगट पपईला टोचून पाहतो, विषाणू सुयांना लागतो आणि पुढच्या झाडावर टोचताच तो तेथे पोहोचतो. या सर्व प्रकाराला काही सेकंद ते काही मिनिटे पुरतात. इतक्या वेळात कोणतेही कीटकनाशक माव्याला मारू शकत नाही. पपईवर केवळ रोग थांबविण्यासाठी वारंवार कीटकनाशके फवारणे म्हणजे खर्च वाढविणे होय. रोपे कीटकरोधक जाळीत तयार करावीत. बागेजवळ काकडीवर्गीय पिके घेऊ नयेत, कारण त्यांवरही हा विषाणू जगतो. लागवडीपूर्वी महिनाभर आधी बागेभोवती मक्याच्या दोन ओळी दाट पेराव्यात. बाहेरून येणारा मावा प्रथम मक्याला टोचतो व सुयांवरील विषाणू तेथेच झडतो. रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करावे; फळे धरली आहेत म्हणून ते ठेवू नये.

भेंडीवरील केवड्याचे गणित निराळे आहे. तेथील विषाणू पांढऱ्या माशीच्या पोटात जाऊन, शरीरातून फिरून लाळेत उतरतो आणि त्याला काही तास लागतात. माशीलाही बराच वेळ रस प्यावा लागतो. त्यामुळे सुरुवातीपासून माशीचे नियंत्रण ठेवल्यास केवडा कमी ठेवता येतो.

लव, मिशा आणि डोळे

तुडतुड्याची सोंड आखूड असते आणि मादी अंडी पानाच्या शिरेत घालते. पानावर लांब व दाट लव असेल तर दोन्ही कामांत अडथळा येतो. दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टन येथे पार्नेल यांनी १९२० नंतरच्या दशकात लवदार कपाशीचे वाण निवडून तुडतुड्यांपासून पीक वाचविले. मात्र तीच लव पांढऱ्या माशीला मानवते. म्हणून लवदार वाण घेणाऱ्यांनी पांढऱ्या माशीवर जास्त लक्ष ठेवावे.

मिशांवर वास घेणारी सूक्ष्म छिद्रे असतात. ढालकिड्याने मावा पकडला की मावा शेपटीकडील दोन नळ्यांतून थेंब सोडतो. त्याचा वास लागताच शेजारचे मावे सोंड काढून खाली पडतात. गर्दीत एकमेकांचा सतत धक्का लागू लागला की माव्याच्या माद्या पंखांची पिल्ले देऊ लागतात. शेंड्यावर पंखांचा मावा दिसणे म्हणजे तो आता पुढच्या शेतात जाणार आहे.

डोळ्यांना पान स्पष्ट दिसत नाही, रंग मात्र दिसतो. मावा व पांढरी माशी यांना पिवळा रंग पानापेक्षाही जास्त पान वाटतो, फुलकिड्यांना निळा ओढतो. सापळे पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे उंच लावावेत व पीक वाढेल तसे वर सरकवावेत. पिवळ्या पत्र्याला एरंडेल किंवा ग्रीस लावले तरी चालते. पत्रा धुळीने माखला की त्याचा रंग किडीला दिसत नाही व चिकटपणाही जातो, म्हणून आठवड्यातून एकदा पुसून पुन्हा तेल लावावे.