पाठ : जुनी गाडी, घरची दुरुस्ती आणि खरी बचत

समजा, रायपूरच्या चौबे कॉलनीत आपल्या दारात चौदा वर्षांची बोलेरो उभी आहे. ऑइल बदलण्याची मजुरी ५०० रुपये. ती वाचवायला आपण हे काम घरीच करता. पण पाना जास्त आवळला, ड्रेन बोल्टचे आटे गेले आणि चेंबरच्या कामाला ४,००० रुपये लागले, तर आठ वेळची बचत एका दिवसात संपली. वाहन विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड धरत नाहीत. हा खर्च खिशातूनच जातो.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा :

१. एअर फिल्टर, वायपर, बल्ब घरी बदला. ब्रेक आणि स्टिअरिंग मेकॅनिककडेच द्या.

२. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. वाचलेली मजुरी जिवापेक्षा मोठी नाही.

३. दरमहा ५०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडा. वर्षाला ६,००० रुपये आणि वर व्याज. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. तपासणीनंतर ती ५ वर्षांसाठी वाढते. तेव्हा हीच रक्कम कामी येईल.

करून पाहा : गेल्या वर्षभराचा गाडीखर्च वहीत लिहा आणि त्याला बाराने भागा. तेवढी आपली मासिक ठेव.