भातखाचरातील मिथेन : वाद, मोजणी आणि पाण्याचे नियोजन

हवामान बदलाची चर्चा निघाली की कोळसा, कारखाने व मोटारी यांच्या जोडीला भातशेतीचेही नाव घेतले जाते. भातखाचरातून निघणारा मिथेन वायू वातावरणाचे तापमान वाढवितो, ही गोष्ट खरी आहे. मात्र तो किती निघतो आणि तो कमी करण्याचा भार कोणी उचलावा, याबद्दल तीस वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. भात उत्पादक शेतकरी बंधू-भगिनींनी त्याची दोन्ही अंगे समजून घेणे हिताचे आहे.

मिथेन कसा तयार होतो?

चिखलणी करून पाणी साठविले की काही दिवसांतच जमिनीतील प्राणवायू संपतो. मग प्राणवायूविना जगणारे जिवाणू धसकटे, पाला व न कुजलेले शेणखत यांपासून मिथेन तयार करतात. त्याचा बहुतांश भाग भाताची मुळे व खोड यांतील पोकळ्यांतून हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनची उष्णता वाढविण्याची क्षमता तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरतात. तथापि मिथेन हवेत सुमारे १२ वर्षेच टिकतो.

अंदाज आणि मोजणी

भारतातील भातशेतीतून दरवर्षी सुमारे ३७८ लाख टन मिथेन निघतो, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मांडला होता. त्याला आधार प्रामुख्याने परदेशातील मोजण्यांचा होता. १९९१ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या पुढाकाराने, डॉ. ए. पी. मित्रा यांच्या मार्गदर्शनाखाली, देशातील भातशेतांत प्रत्यक्ष मोजणी झाली. तेव्हा हा आकडा सुमारे ४० लाख टन, म्हणजे जवळजवळ एक-नवमांश भरला. आपल्याकडील बरेच भातक्षेत्र पावसावर अवलंबून असते व तेथे हंगामभर पाणी साचून राहत नाही. तसेच अनेक जमिनींत सेंद्रिय कर्बही कमी असतो.

त्याच वर्षी अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन एकाच मापाने मोजू नये, असा मुद्दा मांडला. २०२१ मध्ये ग्लासगो येथे मिथेन ३० टक्के कमी करण्याच्या जागतिक संकल्पात भारत सहभागी झाला नाही. त्यामागेही लहान शेतकऱ्यांच्या उपजीविकेचा विचार होता.

शेतकऱ्याने काय करावे?

आरोप अतिशयोक्त होता म्हणून सुधारणा टाळू नये. पाणी आलटून पालटून देण्याच्या पद्धतीने मिथेन साधारणपणे ३० ते ५० टक्के घटतो, पाण्याची बचत होते आणि काळजी घेतल्यास उत्पादन घटत नाही.

१) खाचरात ३० सें.मी. लांबीची नळी बसवावी. निम्मा भाग जमिनीत असावा व त्यास छिद्रे पाडावीत. आतील माती काढून टाकावी.
२) लावणीनंतर सुमारे दोन आठवड्यांनी पद्धत सुरू करावी. नळीतील पाणी जमिनीखाली १५ सें.मी. गेले की पुन्हा ५ सें.मी. पाणी द्यावे.
३) फुलोऱ्याच्या आधी एक आठवडा ते नंतर एक आठवडा पाण्याचा ताण पडू देऊ नये.
४) शेणखत चांगले कुजवूनच वापरावे.
५) युरिया एकाच वेळी न देता विभागून द्यावा. जमीन ओली-सुकी होताना नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उडून जातो. हा वायू मिथेनपेक्षाही तीव्र आहे आणि त्यात खताचा पैसाही वाया जातो.

मर्यादा

कोकणात जुलै-ऑगस्टच्या संततधारेत खाचर सुकविणे शक्य नसते. तेथे ही पद्धत उन्हाळी (वायंगण) भातास उपयोगी पडेल. विदर्भात पंपावर घेतल्या जाणाऱ्या उन्हाळी धानास ती विशेष लाभदायक आहे, कारण वीज व डिझेलही वाचते. जेथे कालव्याची पाळी वेळेवर मिळण्याची खात्री नाही, तेथे धोका पत्करू नये. प्रथम एकाच खाचरात किंवा बांधीत प्रयोग करावा, शेजारच्या खाचराशी उत्पादन व पाण्याच्या पाळ्या ताडून पाहाव्यात आणि मगच क्षेत्र वाढवावे.