पहिल्या पानाचा भाव

‘महिना १२,०००, करार सहा महिन्यांचा, वर १८ टक्के जीएसटी. भावजी, हे बरोबर आहे का?’ कराडहून वहिनींचा मेसेज आला, सोबत चार पानी कोटेशन. वहिनी कांदा-लसूण मसाला करतात, डंकावर कुटलेला. दोन वर्षं ओळखीपाळखीत विकला, मग एकाकडून वेबसाइट करून घेतली. वेबसाइट दिसायला देखणी, पण तीन महिने झाले तरी गूगलवर तिचा मागमूस नाही. दुकानाचं नाव जसंच्या तसं टाकलं तरी दुसऱ्यांचीच दुकानं. एका कंपनीला विचारलं, तर ते म्हणाले, ‘तुमचं एसईओ करावं लागेल,’ म्हणजे गूगलच्या शोधात वर आणायचं काम.

बरोबर की चूक हे सांगण्याआधी मी हिशेब मांडला. सहा महिन्यांचे ७२,०००, त्यावर जीएसटी १२,९६०, एकूण ८४,९६० रुपये. पाव किलोच्या पाकिटामागे वहिनींच्या हातात ६० रुपये उरतात. म्हणजे नुसता हा खर्च भरून निघायला १,४१६ पाकिटं जादा खपायला हवीत, रोजची जवळजवळ आठ. तेव्हा त्यांची महिन्याची विक्रीच दीडशेच्या आसपास होती. एसईओचं कोटेशन हातात आलं की पहिलं काम हेच करावं: रुपये बाजूला ठेवून ते पाकिटांत, साड्यांत, आकाशकंदिलांत मोजावं. जीएसटीची नोंदणी नियमित असेल तर ते १८ टक्के वजावटीत परत मिळतात. कंपोझिशन योजनेत असाल किंवा नोंदणीच नसेल, तर तो पैसा गेलाच समजा. वहिनींची विक्री राज्यातल्या राज्यात आणि ४० लाखांच्या खूप आत, त्यामुळे नोंदणी नाही.

मग मी लॅपटॉप उघडला. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’, त्याला लागून विसर्गासारखी दोन टिंबं आणि पुढे जागा न सोडता वेबसाइटचा पत्ता. त्या वेबसाइटची जी पानं गूगलच्या नोंदीत आहेत त्यातली बरीचशी अशी दिसतात. वहिनींचं एकही पान नव्हतं. नवीन वेबसाइट मागे पडणं वेगळं आणि अजिबात नसणं वेगळं. अजिबात नाही म्हणजे कुठेतरी दार आतून बंद आहे.

दार सापडायला पाच मिनिटं लागली. वेबसाइट वर्डप्रेसवर केलेली. तिच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ नावाचं पान असतं आणि त्यावर खाली एक चौकोन. त्यात टिक असली की सर्च इंजिनांना ‘आम्हाला नोंदवू नका’ असा निरोप जातो. काम चालू असताना बनवणारे ही टिक मुद्दाम लावतात आणि काम झालं की काढतात. इथे काढायची राहिली होती. मी टिक काढली, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये वेबसाइट जोडली, मुख्य पानाची नोंद घ्यायची विनंती टाकली. दहाव्या दिवशी दुकानाच्या नावाने शोधल्यावर वहिनी पहिल्या. खर्च शून्य.

त्या कंपनीनेही हेच आधी पाहिलं असतं. पाहून सहा महिन्यांचे पैसे लावले असते की फुकटात सांगितलं असतं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी स्वतः वेबसाइटसाठी मजकूर लिहून पोट भरतो, म्हणजे याच बाजारात बसतो. तेव्हा माझं म्हणणंही थोडं चाळून घ्या.

कोटेशनमध्ये काय लिहिलेलं असतं

‘३० कीवर्ड, ५० बॅकलिंक, ४ ब्लॉग, १ मासिक रिपोर्ट.’ आकडे थोडे इकडेतिकडे, पण स्वस्त पॅकेजची पाटी बहुतेक अशीच.

कीवर्ड म्हणजे ग्राहक ज्या शब्दांनी शोधतो ते शब्द. तीस शब्दांची यादी आधी मागून घ्या आणि प्रत्येकापुढे स्वतःला विचारा, ‘हे कोण शोधतं?’ वहिनींच्या यादीत सात शब्द त्यांच्याच दुकानाच्या नावाचे होते. गूगलकडे नोंद झाली की आपल्या नावावर आपण बहुधा पहिले येतोच. त्याचा ‘निकाल’ दाखवणं फार सोपं. बाकीच्यांत ‘बेस्ट मसाला इंडिया’सारखे शब्द होते. तिथे टीव्हीवर जाहिराती करणाऱ्या कंपन्या बसल्यात, आणि समजा आलो वर, तरी तो माणूस कराडचा कांदा-लसूण मसाला शोधत नाहीये.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या वेबसाइटवरून आपल्याकडे येणारा दुवा. गूगलची सुरुवातच या कल्पनेवर झाली: ज्याच्याकडे जास्त आणि चांगले लोक बोट दाखवतात, तो भरवशाचा. मग बोटं विकत मिळायला लागली. २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणून अशा वेबसाइटी खाली ढकलल्या. रँकिंगसाठी दुवे विकत घेणं आजही त्यांच्या नियमांविरुद्ध आहे. महिन्याला ५० बॅकलिंक या भावात मिळतात, त्या कुणी न वाचणाऱ्या डिरेक्टरींतल्या आणि ओस पडलेल्या ब्लॉगांवरच्या. बहुतेकदा गूगल त्या मोजतच नाही. नशीब वाईट असेल तर कारवाई होते आणि ती निस्तरायचा खर्च वेगळा. कोटेशनमध्ये बॅकलिंकचा आकडा दिसला की मी ते पान उलटं ठेवतो. एखाद्या स्थानिक वृत्तपत्राने तुमच्यावर लिहिलं, एखाद्या पाककृती लिहिणारीने तुमचा मसाला वापरून नाव घेतलं, तर ती खरी लिंक. ती आकड्यात येत नाही.

‘४ ब्लॉग’ बहुधा शब्दाला ५० पैशांच्या भावाने लिहून घेतलेले असतात, आणि हल्ली एआयकडून. नुसतं रँकिंग मिळवायला घाऊक मजकूर ओतणं गूगलने मार्च २०२४ पासून गैरवापरात धरलंय, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. आणि मासिक रिपोर्टमधले बरेचसे तक्ते सर्च कन्सोलमधूनच येतात. ते तुम्हाला फुकट आहे, त्यात १६ महिन्यांची माहिती राहते: कोणते शब्द टाकून लोक आले, किती वेळा दिसलात, किती जणांनी क्लिक केलं.

पाचवी ओळ म्हणून हमी येते, ‘९० दिवसांत पहिल्या पानावर’. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. काम सुरू केल्यापासून फायदा दिसायला चार महिने ते वर्ष धरा, असंही तेच सांगतात. गूगलवर जाहिराती दिल्या की फुकटातलं रँकिंग सुधारतं, हेही खोटं. दोन्हींचा संबंध नाही. हल्ली एक नवी ओळ जोडतात, एआयच्या उत्तरात झळकण्याची. ती उत्तरं भारतात २०२४ पासून दिसायला लागली आणि गूगलच्या म्हणण्यानुसार त्यांसाठी वेगळं काही करावं लागत नाही. त्या ओळीचे जादा पैसे देऊ नका.

मग पैसे कशाचे द्यायचे?

गेल्या दोनेक वर्षांत माझ्या डोळ्यांखालून गेलेल्या कोटेशनांवरून सांगतो. पाच ते आठ हजारांचं मासिक पॅकेज म्हणजे वर सांगितलेला माल. त्यात तुमच्या वाट्याला महिन्याचे चार-पाच तास आले तरी पुष्कळ. अनुभवी फ्रीलान्सर १५ ते २५ हजार मागतो, आणि तो खरंच तुमच्या वेबसाइटवर बसणार असेल तर ते जास्त नाहीत. एजन्सी ३० हजारांपासून पुढे, वरची मर्यादा तुमच्या खिशाला. या लोकांना लागणाऱ्या परदेशी टूलची वर्गणीच महिन्याला १०० डॉलरच्या वर असते. त्यामुळे सगळं दोन हजारांत करून देणारा नेमकं काय वापरतो, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

लहान दुकानाला माझ्या मते परवडतं ते एकदाच केलेलं तांत्रिक काम. कुणाला तरी वेबसाइट तपासायला द्यावी, चुकांची यादी घ्यावी, त्याच माणसाकडून दुरुस्त करून घ्यावी, आणि रामराम. ३०-४० वस्तूंच्या दुकानाला हे ६ ते १५ हजारांत होतं. नुसती तपासणी नको, दुरुस्ती धरून भाव मागा. नाहीतर साठ पानांचा अहवाल हातात पडतो आणि तो वाचायला पुन्हा दुसरा माणूस लागतो. वहिनींनी ७,००० दिले. त्यात सात कामं झाली. सगळ्यात जास्त फरक पडला तो फोटोंमुळे. मोबाइलवर काढलेले चार-चार एमबीचे फोटो तसेच चढवले होते. लाल तिखटाचा ढीग उलगडायला फोनवर नऊ सेकंद लागायचे. फोटो दीडशे केबीवर आणले आणि तेच पान दोन सेकंदांत उघडायला लागलं. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा असते; ‘पेजस्पीड इनसाइट्स’वर पत्ता टाकून हे कुणालाही फुकट तपासता येतं.

याशिवाय डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता. ते वर्षाला हजाराच्या आसपास, पण पहिल्या वर्षी शंभर-दोनशेत देऊन दुसऱ्या वर्षी पूर्ण भाव लावतात. नूतनीकरणाचा दर बघून घ्या.

जे काम तुमचंच आहे

वहिनींच्या मुख्य पानाचं शीर्षक होतं ‘होम’. मसाल्याच्या पानाचं शीर्षक, ‘आजीच्या हातची चव’. गूगलच्या यादीत निळ्या अक्षरांत बहुतेक वेळा हेच शीर्षक दिसतं. आजीच्या हातची चव म्हणून मसाला कोण शोधतो? ते बदलून ‘कांदा-लसूण मसाला, डंकावर कुटलेला, पाव किलोपासून’ केलं. मराठी आणि रोमन दोन्ही लिपींत लिहिलं, कारण आपले लोक ‘मसाला’ शोधताना बोटं इंग्रजी कीबोर्डवरच ठेवतात.

पुढचं काम व्हॉट्सअॅपमधून निघालं. मी वहिनींना म्हटलं, गेल्या दोन महिन्यांत लोकांनी काय काय विचारलं ते वाचून दाखवा. तिखट किती? लवंगी आहे की नुसती ब्याडगी? कांदा तेलात भाजता का? आमटीला किती घालायचा? वर्षभर टिकतो का, फ्रिजमध्ये ठेवायचा का? हा आणि काळा मसाला एकच का? पंचेचाळीस प्रश्न निघाले, त्यातले बारा पुन्हापुन्हा आलेले. कंपनी ज्याला ‘कीवर्ड रिसर्च’ म्हणते ते हेच, आणि इथे तर विकत घेऊ पाहणाऱ्या माणसाच्या तोंडचे शब्द आहेत. त्या बारांची उत्तरं वहिनींनी दोन संध्याकाळी बोलून दाखवली, पुतण्याने टाइप केली. मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. हे काम मी पैसे घेऊन केलं असतं तर यापेक्षा वाईट झालं असतं. संकेश्वरी मिरची घातली की रंग कसा येतो, हे मला कुठे माहीत?

गूगल मॅप्सवर दिसणारं बिझनेस प्रोफाइलही फुकट आहे. ‘गूगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग बंद होणार, इतके भरा’ असा फोन आला की ठेवून द्या. लिस्टिंगचे पैसे गूगल घेत नाही. पण एक अट अनेकांना माहीत नसते. निव्वळ ऑनलाइन विकणाऱ्याला हे प्रोफाइल मिळत नाही, ग्राहकाशी प्रत्यक्ष गाठ पडायला हवी. वहिनींकडे गावातले लोक घरी येऊन पाकिटं नेतात, म्हणून त्यांचं चाललं. फक्त कुरिअरवर चालणाऱ्यांनी इथे वेळ घालवू नये.

सही करण्याआधी

डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर हवं. वेबसाइटवाल्याच्या नावावर असेल तर आजच बदलून मागा, भांडण झाल्यावर ते हातात येत नाही. सर्च कन्सोलमध्ये मालक तुम्ही, त्यांना फक्त वापराची परवानगी. लिहिलेला मजकूर कुणाचा, हे कागदावर असू द्या. सहा महिन्यांची आगाऊ रक्कम देऊ नका. महिन्याचे पैसे आणि महिन्याच्या नोटिशीवर थांबायची सोय मागा. आणि हा एक प्रश्न जरूर विचारा, ‘पहिल्या महिन्यात माझ्या वेबसाइटवर नेमकं काय बदलणार?’ ज्याला काम येतं तो तुमचं एखादं पान उघडून तिथल्या तिथे दाखवतो.

फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी सेवा घेणारा सहसा ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्यांसाठी सवलत आहे, ती मात्र सिद्ध करावी लागते. म्हणून काय ठरलं याचा पुरावा हातात हवा; बोलण्यापेक्षा ईमेल बरा.

मासिक पॅकेज कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. शेकडो वस्तू असतील, जुनी वेबसाइट नव्या पत्त्यावर हलवायची असेल, किंवा धंदा इतका वाढला असेल की प्रश्नांची उत्तरं द्यायलाही वेळ नाही, तर चांगला माणूस पगारासारखा ठेवावा.

वहिनींचा आतापर्यंतचा खर्च ८,१०० रुपये, त्यात डोमेन आलं. परवा सर्च कन्सोल उघडलं तर ‘काळा मसाला आणि कांदा लसूण मसाला फरक’ असं शोधून सर्वांत जास्त लोक आले होते. त्या कंपनीचा फोन अजून येतो. एप्रिल तोंडावर आलाय, मिरच्या अंगणात वाळत घातल्यात. वहिनी त्यांना म्हणतात, ‘डंकाला नंबर लावायचाय, मसाला झाल्यावर बोला.’