आजचा शब्द : बिरीव्ह्ड
वाचन : उत्पत्ती ४३:१४

कुणाच्या घरी मृत्यू झाला की ऑफिसच्या मेलमध्ये ‘बिरीव्ह्ड फॅमिली’ असं लिहून येतं. आपण ‘शोकाकुल कुटुंब’ असा अर्थ घेतो आणि पुढे जातो. अर्थ बरोबरच आहे, पण शब्दाच्या पोटात याहून जास्त आहे.

जुन्या इंग्रजीत ‘लुटणे, हिरावून घेणे’ असं एक क्रियापद होतं, त्यावरून हा शब्द आला. ‘रॉब’ हा शब्दही त्याच कुळातला. म्हणजे बिरीव्ह्ड तो, ज्याचं माणूस हिरावून नेलंय. आपणही म्हणतोच ना, ‘काळाने घाला घातला’? घाला लुटारूच घालतात.

वापरताना एवढं लक्षात ठेवा. जवळचं माणूस मृत्यूने गेलं असेल तर ‘बिरीव्ह्ड’. आशा, आधार, प्रेम असं काही गेलं असेल तर त्याच क्रियापदाचं दुसरं रूप ‘बिरेफ्ट’, आणि त्याला जोडून बहुधा ‘ऑफ’. मराठीत याला छान शब्द आहे, पारखा. ‘प्रेमाला पारखा’ म्हणजे ‘बिरेफ्ट ऑफ लव्ह’. साध्या उदासीला मात्र ‘सॅड’च म्हणावं.

१६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये आजच्या वचनात याकोब ‘बिरीव्ह्ड’ हा शब्द स्वतःबद्दल दोनदा वापरतो. योसेफ मेला असं तो समजून आहे, शिमोन मिसरात अडकलाय, आणि दुष्काळात धान्य आणायला आता बन्यामीनलाही पाठवायचंय. इथलं मूळ हिब्रू क्रियापद मुख्यतः अपत्य गमावण्यासाठीच येतं. आई गेली तर मूल पोरकं. मूल गेलं तर आईबापांना काय म्हणायचं? आपल्या रोजच्या बोलण्यात त्याला शब्द नाही.

योसेफासाठी शोक करताना मुलामुलींनी केलेलं सांत्वन याकोबाने घेतलं नाही (उत्पत्ती ३७:३५). त्याबद्दल तिथे त्याला कुणी दोष दिलेला नाही.

ज्याचं घर लुटलं गेलं त्याला आपण ‘विसर आता, पॉझिटिव्ह राहा’ म्हणतो का? आधी विचारतो, काय काय गेलं? शोकातल्या माणसाकडे जातानाही तसंच जाऊ या. उपदेश घरी ठेवून. गेलेल्याचं नाव घ्यावं, त्याच्याविषयी विचारावं आणि मग ऐकत बसावं.

आज असं एखादं घर आठवतंय? मग दहा दिवस होऊन गेले असले, अगदी वर्ष झालं असलं, तरी जाऊन या.