खतांचे दोन वाटे



आज तुकोबांचे आत्मचरित्रपर अभंग वाचूया. संत म्हटलं की आपल्याला टाळ-वीणा दिसते. पण देहूचं हे घर वाण्याचं. दुकान, शेती, थोडी सावकारी. आईवडील गेले, थोरल्या भावानं घर सोडलं, आणि १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. धंदा बसला. पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली. महाराज काही लपवत नाहीत. धंद्यात खोट आल्यावर लाज वाटली, हेही सांगतात.

पुढची गोष्ट परंपरेनं जपलेली. लोकांकडून येणं असलेली कर्जखतं इंद्रायणीत बुडवायचं तुकोबांनी ठरवलं. धाकट्या कान्होबांना संसाराची काळजी. मग खतांचे दोन वाटे झाले. तुकोबांचा नदीत, कान्होबांचा त्यांच्याच हाती. आपण बुडालेली खतंच सांगत बसतो, राहिलेली नाही! नोकरी गेलेल्या, ईएमआय थकलेल्या घरात एकजण नामात शांत असतो, दुसरा रात्री हिशोब मांडत बसतो. त्या दुसऱ्याला "देवावर सोड ना" म्हणणं किती सोपं. तुकोबांनी भावावर आपलं वैराग्य लादलं नाही.

आणि जिजाई? कीर्तनात त्यांना कजाग रंगवतात, मला ते पटत नाही. पोरं भुकेली असताना गोड कोण बोलेल? तरी भाकरी बांधून त्या भंडाऱ्याचा डोंगर चढायच्या. तुकोबा जेवल्याशिवाय स्वतः जेवायच्या नाहीत, म्हणतात.