जेसीबी लावण्याआधी खाली काय आहे ते पाहा



ऊस गेला, रान मोकळे झाले, की आपल्या चौसाळा भागात पाइपलाइनची कामे निघतात. कुणाची चारी रस्ता ओलांडून, कुणाची भावकीच्या बांधावरून. टिकाव-खोऱ्याने ज्याला आठ दिवस लागत, ते जेसीबी एका दिवसात उरकतो. पण टिकाव पाइपाला लागला तर हाताला कळते. बकेटला कळत नाही.

आमच्यापैकी एकाने अशीच शेजाऱ्याची जुनी लाइन फोडली. ती नेमकी कुठून गेली हे शेजाऱ्यालाही सांगता येईना. त्याची नवी लागण भर उन्हात तीन दिवस कोरडी राहिली, आणि बोलणे दोन महिने बंद! हे फक्त खेड्यातच होते असे नाही. मुंबईत अंधेरीला 30 नोव्हेंबर 2023 रोजी मेट्रोच्या कामात 1800 मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली. तिथे तर इंजिनिअर होते.

आपले गाव सोलापूर-धुळे महामार्गावरचे. रस्त्याकडेला खणायचे तर फायबर केबल असणार असेच धरून चाला. ती 165 सेंटीमीटर, म्हणजे साडेपाच फूट खोल टाकण्याचा दंडक आहे. अकरा हजार व्होल्टची भूमिगत केबल 90, तर लघुदाब 75 सेंटीमीटर. पण या आकड्यांवर विसंबू नका. खडक लागला की केबल वरच राहते, आणि साइडपट्टी खरवडली की उरलेली मातीही जाते.

म्हणून आधी विचारा. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा, वायरमन, शेजारी, आणि ज्यांनी जुनी चारी खणली ती म्हातारी माणसे. देशात वर्षाला सुमारे 10 लाख वेळा फायबर तुटते असे सरकारनेच सांगितले आहे. त्यासाठी मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे मोबाइल ॲप निघाले. खणण्याआधी त्यावर कळवावे. मात्र तुमच्या-आमच्या खाजगी पाइपलाइनी त्यात नाहीत, त्या माणसांनाच विचाराव्या लागतात.

कळले तिथे फक्कीची रेघ मारा. रेघेवर हाताने खड्डा घेऊन लाइन डोळ्यांनी पाहा. पहार नको, ती पाइपात घुसते. खोऱ्याने हळूहळू माती ओढा. लाइनीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट यंत्र आणू नये. ड्रायव्हर घाई करील, त्याचा तास चालू असतो. ऐकू नका. वाळूचा थर, विटांची रांग किंवा रंगीत पट्टी दिसली की काम तिथेच बंद. खाली केबल आहे.

विजेच्या केबलला बकेट लागलीच, तर ड्रायव्हरने जागचे हलू नये, यंत्राला कुणी हात लावू नये. सगळ्यांनी तीस-चाळीस फूट लांब जावे आणि 1912 वर महावितरणला कळवावे. यंत्राने पेट घेतला तरच उतरायचे, तेही दोन्ही पाय जोडून उडी मारून. यंत्राला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श नको. मग पाय न उचलता घसटत लांब जावे. फायबर तुटली तर तिच्या टोकात डोळा लावून पाहू नका, न दिसणारा प्रकाश डोळ्याला इजा करतो. आणि तुटलेली केबल बुजवून गप्प बसू नका. त्याच तारेवर कुणाचा तरी 108 ला फोन लागायचा असतो.

आपली लाइन बुजवण्याआधी विहिरीच्या काठापासून टेपने अंतरे मोजून कागदावर नकाशा काढा. एक प्रत शेजाऱ्याला द्या, एक गट ऑफिसात आणून द्या. आम्ही ती तुमच्या ऊस नोंदीच्या कागदांना लावून ठेवू.